मक्याच्या प्रदेशांतील खोडकर मुलें

खोडकर मूल घरांत असलें म्हणजे वडील मंडळींत दोन पक्ष पडतात, हा अनुभव एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या कोणत्याहि वाचकास नवा नाहीं. "आतांच वळण लावलें नाहीं, तर पोर पुढें हातचें जाईल," असें एक पक्ष म्हणतो. "लहानपणीं खोड्या करावयाच्या नाहींत, तर काय माझ्या वयाला आल्यावर करावयाच्या?" असें आजीच्या नेतृत्वाखालील दुसरा पक्ष विचारतो. आणि ज्याच्यावरून हा वाद पेटलेला असतो, तें पोर तेवढ्या अवधींत मागल्या दारानें पसार झालेलें असतें. कोणताहि घरगुती प्रश्न शांतपणें पाहावयाचा असेल, तर तो थोडा दूरच्या मुलखांत नेऊन पाहावा. म्हणजे आपल्या घरचीं माणसें मधें येत नाहींत व विचारास मोकळीक मिळते. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांस अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांतील शेतकरी गांवांत घेऊन जात आहों. आपल्यापैकीं कित्येकांचे पुतणे, भाचे व नातवंडें आज शिकागो, मिनिआपोलिस, डेट्रॉइट अशा शहरांत नांदत आहेत. तेव्हां त्या शहरांच्या पाठीशीं पसरलेला हा मुलूख आपणांस अगदींच परका राहिलेला नाहीं.

पूर्वेस ओहायोपासून पश्चिमेस नेब्रास्का-कॅन्सासपर्यंत आणि उत्तरेस मिनेसोटा व दोन्ही डाकोटापर्यंत पसरलेल्या बारा संस्थानांस मध्यपश्चिम म्हणतात. त्यांतहि आयोवा, इलिनॉय व इंडियाना हीं म्हणजे मक्याचें माहेरघर. या भूमीची वांटणी कशी झाली हें कळल्यावांचून तेथील बालपण कसें घडलें हें उमगणार नाहीं. सन १७८५ च्या कायद्यानें ही जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत आंखण्यास आरंभ झाला. प्रत्येक चौकोनाचे एकेक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, छत्तीस भाग पाडले आणि त्यांपैकीं सोळावा भाग शाळेसाठीं राखून ठेवला. पुढें सन १८६२ च्या कायद्यानें, पांच वर्षें जमिनीवर राहून ती कसून दाखविणाऱ्या कुटुंबास १६० एकर जमीन नाममात्र फी घेऊन मिळूं लागली. ज्या मूळच्या जमाती त्या भूमीवर पिढ्यान् पिढ्या नांदत होत्या, त्यांस हुसकावून ही वांटणी झाली, हेंहि विसरतां कामा नये.

कायद्यांतील 'जमिनीवर राहून' ही अट आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. आपल्याकडे घरें गांवठाणांत दाटीनें असतात आणि शेतें भोंवतालीं असतात. त्यामुळें पोराला दाराबाहेर पाऊल टाकतांच दहा सवंगडी भेटतात. तेथें याच्या उलट. प्रत्येक शेतकऱ्याचें घर त्याच्या स्वतःच्या शेतांत, आणि शेजाऱ्याचें घर अर्ध्या मैलावर. 'गांव' म्हणजे रेल्वेचें स्टेशन, धान्याचें उंच कोठार, किराणा दुकान, लोहाराचा भाता, पेढी, न्हावी आणि दोन-तीन चर्चें एवढाच विस्तार. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत मुलाचे सोबती म्हटले म्हणजे भावंडें, कुत्रा, वांसरें व डुकराचीं पिलें. त्या पोरांच्या खोड्यांत जनावरांचा, गवताचा आणि मक्याचा एवढा भरणा कां, याचें उत्तर या नकाशांतच आहे.

आणखी एक गोष्ट आधींच सांगितली पाहिजे. या मुलांच्या खोड्या रिकामपणांतून जन्मलेल्या नव्हत्या; त्या कामाच्या फटींतून उगवलेल्या होत्या. सकाळीं शाळेपूर्वीं दूध काढणें, कोंबड्यांचीं अंडीं गोळा करणें, चुलीसाठीं लांकडें आणि दाणे काढून घेतलेलीं मक्याचीं कणसें भरून ठेवणें, पाणी आणणें, हीं कामें सहा-सात वर्षांच्या मुलाच्या वांट्यासहि येत. हीं कामें टाळली तर कोणी व्याख्यान देत नसे. गाय हंबरू लागे व चूल पेटत नसे, एवढें पुरे असे. परंतु काम आटोपलें कीं तें पोर संध्याकाळपर्यंत कोठें होतें, हें आईनें विचारावयाचें नाहीं असाहि अलिखित नियम असे. कामाची सक्ती व फावल्या वेळाची पूर्ण मोकळीक, या दोन रुळांवरून त्या बालपणाची गाडी चाले.

त्या मोकळिकीचें मुख्य रंगस्थान म्हणजे दुमजली गोठा. खालीं जनावरें व वर माळ्यावर वाळलेल्या गवताचा डोंगर. छताच्या तुळईला एक जाड दोर बांधलेला असे. त्याला लोंबकळून माळ्याच्या एका टोंकाकडून झेप घ्यावयाची व मध्यावर हात सोडून गवतांत कोसळावयाचें, हा खेळ न खेळलेलें मूल त्या मुलखांत मिळणें कठीण. गवताच्या आंत बोगदे खोदून गुप्त खोल्या करीत. दाणे काढलेलीं कणसें पाण्यांत भिजवून त्यांची गोळाफेक चाले. भिजलेलें कणीस पाठींत बसलें म्हणजे दोन दिवस आठवण राहत असे. उन्हाळ्यांत ओढ्याच्या डोहांत पोहणें, रात्रीं कांचेच्या बरणींत काजवे धरून ठेवणें, आणि वांसरावर किंवा डुकरावर स्वार होऊन चिखलांत लोळण घेणें, हेहि ठरलेले कार्यक्रम. खेळणीं विकत आणण्याची चाल फारशी नव्हती. लॉरा इंगल्स वाइल्डर या बाईंचा जन्म सन १८६७ मध्यें विस्कॉन्सिन संस्थानांत झाला. पुढें सन १९३२ पासून त्यांनीं आपल्या बालपणाच्या आठवणींवर जीं पुस्तकें लिहिलीं, त्यांतील पहिल्यांत कणसाला कपडा गुंडाळून केलेली बाहुली आणि डुकराच्या मूत्राशयांत हवा भरून केलेला फुगा यांचें वर्णन आहे. आपल्या वाचकांस दुसऱ्या खेळण्याचें नांव ऐकून कदाचित् शिसारी येईल. परंतु घरांत जें असेल त्यांतूनच खेळणें करावयाचें ही बुद्धि, चिंध्यांच्या बाहुल्या करणाऱ्या आपल्या आज्यांस मुळींच अपरिचित वाटणार नाहीं.

या एकाकी पोरांस एकत्र आणणारी जागा म्हणजे एकखोली शाळा. एक खोली, मधें शेगडी, पहिलीपासून आठवीपर्यंतचे सर्व वर्ग एकत्र आणि शिक्षक एक. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंत अशा शाळा दोन लाखांच्या घरांत होत्या. शिकविणारी बहुधा सतरा-अठरा वर्षांची मुलगी असे आणि मागच्या बांकावरील कांहीं विद्यार्थी तिच्याहून हातभर उंच असत. तेव्हां खोड्यांस तेथें पूर येत असे, हें सांगावयास नकोच. बाईंच्या मेजाच्या खणांत बेडूक किंवा निरुपद्रवी साप ठेवणें, पुढील मुलीची वेणी शाईच्या दौतींत बुडविणें, हे किरकोळ प्रकार. धुरांड्यावर फळी टाकून खोलींत धूर कोंडविणें व त्या निमित्तानें सुट्टी मिळविणें हा वरच्या दर्जाचा. नाताळापूर्वीं शिक्षकाला बाहेर ठेवून आंतून दार लावून घ्यावयाचें आणि त्यानें खाऊ देण्याचें कबूल केल्याखेरीज दार उघडावयाचें नाहीं, ही तर इंग्लंडाकडून आलेली जुनी रूढीच होती. तिच्याकडे पालकहि कानाडोळा करीत.

मधल्या सुट्टींतील खेळहि त्या भूमीला साजेसेच. दोन पक्षांनीं शाळेच्या दोन बाजूंस उभें राहावयाचें व छपरावरून चेंडू पलीकडे फेंकावयाचा. पलीकडच्यांनीं तो झेलला तर त्यांनीं गुपचूप वळसा घालून येऊन इकडच्या गड्यांस शिवावयाचें. चेंडू झेलला गेला कीं नाहीं हें इकडच्यांस दिसत नाहीं, यांतच सारी गंमत. हिवाळ्यांत बर्फावर गाडीच्या चाकासारखी आकृति तुडवून तयार करीत आणि तिच्या आऱ्यांवरून 'कोल्हा' झालेला मुलगा 'हंसां'चा पाठलाग करी. एकमेकांचे हात धरून सांखळी करावयाची, वेगानें धांवतां धांवतां पुढच्यानें एकदम थांबावयाचें व शेपटाकडील पोर चाबकाच्या टोंकाप्रमाणें भिरकावलें जावयाचें, या खेळाचें चित्र विन्स्लो होमर या विख्यात चित्रकारानें सन १८७२ मध्यें काढलें. अनवाणी मुलें, मागें लाल रंगाची लहानशी शाळा आणि हिरवें मैदान असें तें चित्र असून, अमेरिकन लोक आपल्या ग्रामीण बालपणाची खूण म्हणून तें आजहि प्रेमानें पाहतात.

येथवर वाचून कोणाचा असा समज होईल कीं, या मुलांस धाक म्हणून नव्हताच. धाक होता, परंतु तो छडीपेक्षां निसर्गाचा अधिक होता. सन १८८८ च्या जानेवारीची १२ तारीख नेब्रास्का व डाकोटा या भागांत कोणी विसरलें नाहीं. सकाळी हवा असाधारण उबदार होती, म्हणून मुलें जाड कोट न घालतां शाळेंत गेलीं. दुपारच्या सुमारास उत्तरेकडून हिमवादळ असें अचानक कोसळलें कीं, हात पुढें केला तर तो दिसेना. त्या वादळांत दोनशेंहून अधिक माणसें मेलीं व त्यांत शाळेंतून घरीं निघालेलीं कितीतरी मुलें होतीं. इतिहासांत त्याला 'शाळकरी मुलांचें वादळ' असेंच नांव पडलें आहे. नेब्रास्कांतील मिनी फ्रीमन नांवाच्या तरुण शिक्षिकेच्या शाळेचें छप्पर वाऱ्यानें उडालें; तेव्हां तिनें सर्व मुलांस एकत्र ठेवून जवळच्या शेतकऱ्याच्या घरीं सुखरूप पोंचविलें आणि तिचें नांव देशभर झालें. कालपर्यंत बाईंच्या खणांत बेडूक ठेवणारीं तीं पोरें त्या घटकेस तिच्या शब्दाबाहेर गेलीं नाहींत! एरवीं अवखळ असलेलें मूल संकटाच्या वेळीं ऐकतें कीं नाहीं, हीच त्याच्या वळणाची खरी परीक्षा होय. असाच दुसरा धाक धान्याच्या कोठाराचा. साठविलेला मका खालून काढला जात असतां वर खेळणारें मूल वाळूंत रुतावें तसें क्षणांत दाण्यांत बुडतें. गवतावरील उड्यांकडे डोळेझांक करणारा बाप या बाबतींत मात्र निष्ठुर असे, आणि तें योग्यच होतें.

आतां गांवाकडे वळूं. शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडील आठवड्याचा बाजार व जत्रा यांचें मिश्रण. शेतकरी साय व अंडीं विकावयास आणीत, बायका सामान घेत, न्हाव्याच्या दुकानांत राजकारण रंगे. चौकांत बँडचें वादन होई. आयोवा संस्थानानें तर सन १९२१ मध्यें, गांवाच्या बँडसाठीं कर बसविण्याची परवानगी देणारा कायदाच केला. सन १९३० नंतरच्या मंदीच्या काळांत अनेक गांवांचे दुकानदार गिऱ्हाइकें यावींत म्हणून एखाद्या इमारतीच्या भिंतीवर फुकट बोलपट दाखवीत. आठवडाभर एकमेकांस न भेटलेलीं पोरें त्या रात्रीं काय धुमाकूळ घालीत असतील, याची कल्पना करावी. रस्त्यांत पैशांचें पाकीट टाकून त्याला बारीक दोरा बांधावयाचा व कोणी सभ्य गृहस्थ वांकला कीं दोरा ओढावयाचा, ही त्यांची आवडती गंमत. घरोघर टेलिफोन आले तेव्हां एकाच तारेवर पुष्कळ घरें असत आणि प्रत्येक घराची घंटीची खूण निराळी असे. दुसऱ्याची घंटी वाजली कीं हळूच यंत्र कानाला लावून ऐकत बसणें ही मुलांची खोडी खरी. परंतु या बाबतींत त्यांच्या आयांनीं मुलांकडून धडा घेतला कीं मुलांनीं आयांकडून, हें ठरविणें अवघड आहे.

शहरांतून कोणी नवखा पाहुणा आला तर पोरांस पर्वणीच. त्याला सांगावयाचें कीं, आज रात्रीं पाणलावा पकडावयास जाऊं. मग दूर माळरानांत त्याच्या हातीं पोतें देऊन, "तूं तोंड उघडें धरून बैस, आम्ही पक्षी हांकून आणतों," असें म्हणावयाचें आणि सर्वांनीं घरीं येऊन निजावयाचें! पाणलावा हा पक्षी खरा आहे. फक्त तो अशा रीतीनें पोत्यांत शिरत नाहीं. उभ्या उभ्या झोंपलेल्या गाईस ढकलून पाडावयाचें ही गोष्टहि तिकडे फार सांगतात. परंतु ती ऐकणाऱ्याची थट्टा होय. गाई झोंपतात त्या बहुतेक बसून, आणि दहा-बारा मणांचें तें जागरूक जनावर एका पोराच्या धक्क्यानें पडत नाहीं. गोठा ज्याच्या घरीं आहे तो ही कथा ऐकून हंसतो आणि ज्याच्या घरीं नाहीं तो ती खरी मानतो.

या सर्व खोडकरपणाचा कळस म्हणजे ३१ ऑक्टोबरची, हॅलोवीनची, रात्र. मक्याची कापणी होत आलेली, हवेंत गारवा, आणि कांहीं झालें तरी आज कोणी रागावावयाचें नाहीं असा संकेत. त्या रात्रीं अंगणापलीकडचे लांकडी शौचकूप उलथून पडत, फाटकें बिजागऱ्यांतून निघून शेजाऱ्याच्या झाडावर जात, दुकानांच्या कांचांस साबण फांसला जाई. एखाद्या शेतकऱ्याचा गाडा रात्रींतून सुटा करून, तुकडे वर नेऊन, शाळेच्या छपरावर पुनः जोडून ठेवलेला सकाळीं दिसे. हें काम करणाऱ्या पोरांचें यंत्रज्ञान व एकजूट पाहून गाड्याचा मालकहि शिव्या देतां देतां थक्क होई. आपल्याकडे होळीपूर्वीं लांकडें व गोवऱ्या पळविण्याची जी मुभा मुलें मानून चालत, तिचाच हा दूरचा भाऊ. ज्या घरची गोवरी गेली त्यानें बोंब मारावी, पण फौजदारी करूं नये, असा दोन्हीकडे शिष्टाचार!

परंतु शिष्टाचाराला मर्यादा असतात. गांवें वाढलीं, मोटारी आल्या, मंदीनें लोक चिडखोर झाले, आणि गमतीची जागा नासधुशीनें घेतली. उलथलेला शौचकूप एकाकी विधवेचा असला, तर दुसऱ्या दिवशीं तो उभा करावयास तिच्याजवळ ना माणूस ना पैसा. येथें त्या समाजापुढें खरा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचीं जीं उत्तरें निघालीं तीं आमच्या मतें या सर्व कथेंतील सर्वांत मोलाचीं आहेत. मिनेसोटांतील अनोका या गांवीं हॅलोवीनच्या सकाळीं मुख्य रस्त्यावर मोकाट सोडलेल्या गाई फिरतांना दिसूं लागल्या, तेव्हां तेथील प्रमुख नागरिकांनीं पहारे वाढविले नाहींत. सन १९२० मध्यें त्यांनीं मुलांचीच एक भव्य मिरवणूक काढली. वेष, वाद्यें, शेकोटी व खाऊ असा थाट उडवून दिला. ज्या पोरांनीं गाई सोडावयाच्या, तीं रात्रभर मिरवणुकीच्या तयारींत गुंतलीं. तें गांव आज स्वतःस हॅलोवीनची राजधानी म्हणवून घेतें आणि ती मिरवणूक अजून निघते.

आयोवाची राजधानी डे मॉइन येथें सन १९३८ च्या हॅलोवीनला पोलिसांकडे नासधुशीच्या सुमारें ५५० तक्रारी आल्या. त्यानंतर शहराच्या क्रीडाविभागाच्या प्रमुख कॅथरिन क्रीग यांनीं एक युक्ति योजिली. हॅलोवीनच्या आदल्या सायंकाळीं, म्हणजे ३० ऑक्टोबरला, मुलांनीं घरोघर जावें; परंतु खाऊ फुकट मागूं नये. एखादें गाणें म्हणावें, कविता म्हणावी किंवा विनोद सांगावा, आणि तो ऐकून घरवाल्यानें खाऊ द्यावा. "खाऊ द्या, नाहीं तर खोडी करूं" ही धमकी होती; "विनोद ऐका आणि खाऊ द्या" हा सौदा झाला. मुलांची उर्मि तीच राहिली, तिची दिशा तेवढी बदलली. त्या शहरांतील मुलें पिढ्यान् पिढ्या दारोदार विनोद सांगत आलीं. आणि तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या घरच्या नातवंडांनींहि तो पाठ केला, तर त्यांच्या आजोबांस तो दूरध्वनीवरून ऐकावाच लागेल!

याच जातीचें तिसरें उत्तर म्हणजे ४-एच ही मुलांची चळवळ. सन १९०२ मध्यें ओहायोंतील ए. बी. ग्रॅहॅम या शाळाधिकाऱ्यानें शेतकऱ्यांच्या मुलामुलींचें एक मंडळ काढलें व आयोवांत जेसी फील्ड या शिक्षिकेनें तसाच उद्योग केला. डोकें, हृदय, हात व आरोग्य या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पुढें तें नांव पडलें, आणि सन १९१४ च्या कायद्यानें या कार्यास सरकारी पाठबळ मिळालें. मुलाला उपदेश न करतां त्याला एक वांसरूं किंवा मक्याचा एक वाफा स्वतःचा म्हणून द्यावयाचा, त्याचा जमाखर्च त्यानेंच ठेवावयाचा व जत्रेंत तो सर्वांपुढें मांडावयाचा, ही त्यांतील खुबी. ज्याच्या हातीं स्वतःचें वांसरूं आहे तो दुसऱ्याची गाय मोकाट सोडावयास सहसा जात नाहीं.

हें सर्व सांगतांना एक गोष्ट झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. खोड्या करण्याची मोकळीक त्या प्रदेशांत प्रत्येक मुलास नव्हती. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळें जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचें नांव मराठी घरोघर पोंचलें आहे. मिसूरी संस्थानांतील डायमंड या खेड्याजवळ गुलामगिरींत जन्मलेल्या या मुलाची 'खोडी' कोणती? तर झुडुपांत लपवून फुलझाडांची एक बाग करणें. फुलांमागें वेळ घालविणें हा त्या काळीं मूर्खपणा समजला जाई, म्हणून ती बाग गुप्त. जवळच्या शाळेंत काळ्या मुलास प्रवेश नव्हता, म्हणून शिकण्यासाठीं त्याला लहान वयांत घर सोडून निओशो या गांवीं जावें लागलें. दुसरें उदाहरण अनाथ मुलांच्या आगगाड्यांचें. सन १८५४ पासून सन १९२९ पर्यंत न्यूयॉर्कसारख्या पूर्वेकडील शहरांतून सुमारें दोन लाख निराधार मुलें आगगाडीनें मुख्यतः मध्यपश्चिमेंतील शेतांवर पाठविलीं गेलीं. स्टेशनावर किंवा सभागृहांत त्यांस उभें करीत व शेतकरी पाहून पसंत करीत. कांहींस प्रेमळ आईबाप लाभले, कांहींच्या नशिबीं नुसती राबणूक आली. घरच्या मुलानें गाडा छपरावर चढविला तर ती गंमत. आणलेल्या मुलानें तेंच केलें तर ती कृतघ्नता! खोडी माफ होणें हें मुलाच्या स्वभावावर कमी आणि त्याच्यामागें कोण उभें आहे यावर अधिक अवलंबून असतें. आपल्या एकत्र कुटुंबांतहि आश्रयास राहिलेल्या भाच्याच्या आणि घरच्या धाकट्याच्या एकाच अपराधास दोन निरनिराळे न्याय मिळत नाहींत ना, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं पाहावें.

तें जग आतां पुष्कळसें मावळलें आहे. सन १९३५ मध्यें अमेरिकेंत सुमारें ६८ लक्ष शेतवाड्या होत्या. सन २०२२ च्या शेतकी खानेसुमारींत त्या सुमारें १९ लक्ष उरल्या. यंत्रें मोठीं झालीं, शेतें एकत्र झालीं, माणसें कमी झालीं. एकखोली शाळा बंद पडून दूरच्या मोठ्या शाळेंत पिवळ्या गाडीनें मुलें जाऊं लागलीं. गवताचा डोंगर जाऊन यंत्रानें घट्ट बांधलेल्या गंजा आल्या. त्यांत बोगदा खणतां येत नाहीं. तरीहि उन्हाळ्यांत बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडण्यासाठीं आयोवा-नेब्रास्कांतील शाळकरी मुलें पहाटेच्या दंवांत ओळींतून चालतात. ठराविक ओळींतील तुरा, म्हणजे नरफूल, काढून टाकलें म्हणजे शेजारच्या ओळीच्या परागानेंच त्या कणसांत दाणा भरतो व संकरित बियाणें तयार होतें. पानांनीं हात कापतात, ऊन तापतें, आणि दुपारीं डबा उघडण्याच्या वेळीं एकमेकांवर चिखल उडतो. काम आणि खोडी यांची जुनी जोडी तेवढ्यापुरती पुनः एकत्र दिसते.

मुलांच्या अवखळपणास शिक्षा करावी कीं माफी द्यावी, एवढ्या दोनच वाटा आपण सहसा पाहतों. त्या खेड्यांतील शहाण्या माणसांनीं तिसरी वाट दाखविली. जेथें जिवाशीं गांठ आहे तेथें, म्हणजे हिमवादळांत व धान्याच्या कोठारांत, त्यांनीं तिळमात्र सवलत दिली नाहीं. जेथें केवळ मोठ्यांच्या प्रतिष्ठेस धक्का बसत होता तेथें ते हंसले. आणि जेथें दुबळ्याचें नुकसान होत होतें तेथें त्यांनीं मुलांच्या अंगच्या उर्मीस दुसरें काम नेमून दिलें. पुष्कळ गांवांत असेंहि होई कीं, शौचकूप पाडणारीं पोरें ओळखलीं गेलीं तर त्यांस मारझोड न करतां, दुसऱ्या दिवशीं त्यांच्याच हातून तो उभा करवीत. अशा वेळीं म्हातारी मालकीण बहुधा त्यांना खाऊ देऊन परत पाठवी. आणि पुढच्या वर्षी तिच्या अंगणाकडे तीं पोरें वळत नसत, वळलींच तर राखण करावयास.